राणीच्या दोन बांगड्या

एका राज्यात, जिथले डोंगर उंच आणि राजाचा शब्द त्याहून उंच, तिथे सात महिने गडाला वेढा पडला होता. पायथ्याशी पलीकडच्या राजाची आणि त्याच्या बाजूने आलेल्या राजांची फौज पसरलेली. माथ्यावर मकरंदसेन राजा, शेजारी पयोष्णी राणी, आणि कोठारात धान्य जेमतेम दसऱ्यापर्यंतचं. तरी गड पडत नव्हता. पण घरभेद्यापुढे कोणाचा गड टिकलाय? अलीकडे सकाळी मसलतीत जे ठरे, ते संध्याकाळी शत्रूला कळे. ज्या वाटेने रसद यायची, त्या वाटेवर शत्रू आधीच ठाण मांडून बसलेला असे.

या गडावर सगुणा नावाची कासारीण राहत होती. खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि जिभेवर साखर. कासारणीला कोणाचाच उंबरा बंद नसतो. लढाईतसुद्धा नसतो, कारण सौभाग्याची वस्तू घेऊन आलेल्या बाईला हाकलायचं कोणी? बांगडी भरताना ती प्रत्येकीला माहेरचं विचारी. माहेर आठवलं की कोणाचीही मूठ सैल पडते, आणि मूठ सैल पडली की जीभही. राजाने हे ओळखलं आणि बारा वर्षांपूर्वी तिला आपली हेर केली. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, एक राजा आणि एक ती.

नवऱ्यालाही पत्ता नव्हता. नवरा म्हाळोजी, राजाच्या पंगतीचा चाखणारा. राजाच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी त्याने खायचा, शंभरपर्यंत मोजायचं, आणि तो उभाच राहिला तर राजाने जेवायला सुरुवात करायची. वीस वर्षं हे चाललं होतं. बायकोने राज्याची गुपितं पोटात घातलेली आणि नवऱ्याने राजाचं भोजन, असा तो संसार. पण सुखाचा होता हो!

राजाने सगुणेला बोलावलं. म्हणाला, "माझ्याच घरातून कोणी बोलतंय. शोध."

"शोधते, महाराज."

तिने आचारी तपासले, पागेतले मोतद्दार तपासले, कारकुनांच्या बायकांच्या मुठी सैल केल्या. फक्त एका दाराकडे ती गेली नाही. राणीवर संशय घेणं म्हणजे आपल्याच आईवर घेणं, असं तिला वाटलं. त्यात महिनाभर राणीने तिला बोलावलंही नव्हतं. 'मनगट दुखतंय, बांगड्या नकोत' असा निरोप येई. सगुणेने तो निरोप खरा मानला. सगळ्या जगावर शंका घेणारी बाई जिथे घ्यायची तिथेच चुकली, आणि या चुकीने ती पुढे जन्मभर हळहळली.

मग राजाने ठरवलं की आता दरवाजे उघडून शत्रूवर तुटून पडायचं. आदल्या दिवशी पंगत बसली. त्या घराण्याचा एक कुळाचार होता. लढाईच्या आदल्या दिवशी राणीने राजाला पहिला घास भरवायचा, आणि तो घास मात्र कोणी चाखायचा नाही. राणीच्या हातावर शंका घेणारं राज्य ते कसलं राज्य, असं जुने लोक म्हणत. म्हाळोजीने बाकी सगळं चाखलं, शंभर मोजले, तो ताठ उभा राहिला. राणीने घास भरवला. राजाने तो खाल्ला, वर वरणभाताचे चार घास घेतले, त्याचे ओठ निळे पडले आणि तो ताटावरच कोसळला.

राजा मेला आणि चाखणारा जिवंत! चोर कोण हे सांगायला ज्योतिषी कशाला लागतो? म्हाळोजीच्या पायांत बेड्या पडल्या. राजाला मूलबाळ नव्हतं. कारभार राणीच्या हाती आला, आणि म्हातारे अमात्य वाचस्पती मान खाली घालून तिचे हुकूम लिहून घेऊ लागले.

सगुणा कोठडीच्या दाराशी गेली.

"अहो, काय चाखलं नाही तुम्ही?"

"सगळं चाखलं."

"माझ्याकडे बघून सांगा."

म्हाळोजीने बघितलं नाही. म्हणाला, "सगुणे, जे चाखायचं नसतं ते सोडून सगळं चाखलं. आता पुढे विचारू नकोस. राणीसरकारांच्या हाताकडे मी बोट दाखवू? त्यापेक्षा कडा बरा."

सगुणा समजून चुकली. हा माणूस खरं तोंडात धरून मरणार होता, आणि इमानाने मरणार होता. तिला त्याचा राग आला. त्याहून जास्त त्याची माया दाटून आली.

दहावा दिवस उजाडला. गडावरच्या तळ्याकाठी अमात्यांनी पिंड ठेवला. एक कावळा आला, दगडावर बसला, पण पिंडाला शिवेना. घटका गेली, दोन गेल्या. राणी पांढऱ्या वस्त्रांत उभी होती. ती म्हणाली, "राजांचा आत्मा न्याय मागतोय. चाखणाऱ्याचा कडेलोट करा. तेराव्याला, सूर्य डोक्यावर आला की." लोकांना ते पटलं, आणि सगळे गडावर पांगले.

सगुणा एकटी मागे राहिली, कारण तिचं एक काम उरलं होतं. विधवा झालेल्या राणीच्या फोडलेल्या बांगड्यांचे तुकडे कासारणीनेच गोळा करून तळ्यात सोडायचे, अशी रीत होती. तिने पदरात तुकडे घेतले आणि सवयीने काठाला काठ लावत बसली. सांधे ओळखीचे, तिच्याच भट्टीतले. आषाढात तिने स्वतः राणीला बारा बांगड्या भरल्या होत्या. तुकडे जुळले ते दहांचे.

"दोन कुठे गेल्या?" ती स्वतःशीच म्हणाली.

"एक पेटीत आहे, एक दंडावर," कावळा म्हणाला.

सगुणेने वर पाहिलं. "तू पिंडाला का शिवत नाहीस?"

"राजाने अडवलंय. त्याची राणी अजून घरी आलेली नाही."

"राणी तर आत्ता इथून गेली!"

"ती राणी नव्हे. ती शत्रूच्या छावणीतल्या तमोनाथ जादूगाराची बहीण, कालिंजरी. महिन्यापूर्वी खरी राणी चोरदिंडीबाहेर देवीची ओटी भरायला गेली होती. तिथे तमोनाथाने तिच्या बारा बांगड्या उतरवल्या आणि दोनांवर मंत्र टाकला. एक त्याच्या पेटीत आहे. ती तिथे आहे तोवर राणी बगळी होऊन राहील. दुसरी कालिंजरीच्या दंडावर, बाहीखाली. ती तिथे आहे तोवर कालिंजरीला राणीचं रूप. यांतली एक जरी तडकली, तर राणीचा प्राण गेला."

"मी काय करू?"

"तीन कामं. शत्रूच्या छावणीच्या वेशीवर एक नगारा आहे, खोटं ऐकलं की तो आपोआप वाजतो. त्याच्यासमोरून आत जायचं. पेटीत अडतीस राण्यांच्या बांगड्या आहेत, त्यांतली आपली ओळखायची. दुसरीला बोट लागलं तर तूही पक्षी होशील. आणि मग ती बांगडी बगळीच्या पंखात भरायची, न तडकू देता."

"आणि तेराव्याच्या दुपारच्या आत."

"आत," कावळा म्हणाला आणि उडून गेला.

अमात्यांना सांगून उपयोग नव्हता. मी हेर आहे हे सांगायला साक्षीदार एकच, आणि त्याचाच पिंड समोर ठेवलेला. सगुणेने माळा खांद्यावर टाकल्या, तेलाची कुपी कनवटीला खोचली, एका लुगड्याचं गाठोडं काखेत मारलं आणि ती चोरदिंडीतून बाहेर पडली. त्या वाटेने गड उतरायला एक दिवस लागे, चढायला दीड.

अकराव्या दिवशी दुपारी ती छावणीच्या वेशीवर पोचली. नगारा बैलाएवढा होता. बारा वर्षं खोटं बोलण्यात घालवलेल्या बाईला आता खरं बोलायचं होतं, आणि खरं सांगते, तिला घाम फुटला.

"कोण गं तू?" रखवालदाराने विचारलं.

"कासारीण."

नगारा गप्प.

"इथे तुझं काय काम?"

"एका राणीला बांगडी भरायची आहे."

नगारा गप्प. रखवालदार पोट धरून हसला. "इथे खेचरं आहेत, त्यांना भर! जा आत, माझ्या बायकोसाठी एक हिरवी डझन काढून ठेव."

"ठेवते," असं म्हणून तिने खरोखरच एक डझन काढून त्याच्या हातात दिली. नाहीतर ते खोटं ठरलं असतं.

तमोनाथाचा तंबू वडाखाली होता. जादूगार झोपला होता. तुम्ही समुद्र पिणारे जादूगार पाहिले असतील, डोंगर उचलणारे पाहिले असतील. पण जेवणानंतरची वामकुक्षी चुकवणारा जादूगार अजून कोणी पाहिलेला नाही. त्याच्या उशाशी शिसवी पेटी उघडीच होती, कारण तिला कुलपाची गरज नव्हती. आत अडतीस बांगड्या. हिऱ्यांच्या, पाचूंच्या, हस्तिदंताच्या, नुसत्या सोन्याच्याच नऊ. काचेच्या हिरव्या तब्बल अकरा, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या.

सगुणेने हात मागे बांधले आणि खाली वाकून बघू लागली. काच सगळ्यांची सारखी असते, सांधा ज्याचा त्याचा असतो. तिच्या सासऱ्याने तिला सांधा मारायला शिकवला तो डाव्या हाताने, कारण त्याचा उजवा भाजलेला होता. म्हणून तिच्या बांगडीचा सांधा उलट्या अंगाला कलतो. सातवी बांगडी तशी कलली होती. तिने डोळे मिटले, कुलस्वामिनीला हात जोडले आणि बांगडी उचलली. तिला पिसं फुटली नाहीत.

वडावर अडतीस पक्षी बसले होते. ती तंबूबाहेर येताच सदतीस भुर्रकन उडाले. एक पांढरी बगळी तेवढी उडाली नाही. ती खालच्या फांदीवर आली आणि थरथरत राहिली. ओळखीची कासारीण दिसली म्हणून आली खरी, पण पंख अंगाशी घट्ट आवळलेला. सव्वादोनाच्या मापाची बांगडी, आणि समोर हातभर पंख!

सगुणा खाली बसली. तिने बगळीला मांडीवर घेतलं, पंखाला तेल लावलं. आणि रोज जसं बोले तसंच बोलू लागली. "राणीसरकार, यंदा माहेरी नाही गेलात ना? तुमच्या अंगणात तो पारिजात होता, त्याला फुलं आली असतील. आणि धाकटी बहीण काय म्हणते? अजून तशीच भांडते का?"

बगळीची मान हळूहळू तिच्या खांद्यावर टेकली. पंख सैल पडला. सगुणेने एक एक पीस दुमडलं, टोकाचं आधी, मग मधलं, मग मोठी. बांगडी पुढे सरकली, अडली, पुन्हा सरकली. मोठ्या पिसापाशी काच किर्र वाजली. तिने अंगठ्याने सांधा वर फिरवला, श्वास रोखला, आणि बांगडी आत गेली.

मांडीवर बगळी नव्हती. पयोष्णी राणी होती, दमलेली, मळलेली, केसांत दोन पांढरी पिसं.

"सगुणा," ती म्हणाली. महिन्याभरात तिने उच्चारलेला तो पहिला शब्द.

"आधी चला, सरकार."

सगुणेने तिला आपलं लुगड्याचं गाठोडं दिलं, तिच्या खांद्यावर माळा टाकल्या. दोघी वेशीवर आल्या. रखवालदार बांगड्या न्याहाळत बसला होता.

"ही कोण?"

"राणी."

"वा! ही राणी, तर मी सेनापती आहे!"

नगाऱ्याला थट्टा कुठली कळायला? तो धडाडला. वडाची पानं गळली, खेचरं सुटली. एक सरदार धावत आला आणि ओरडला, "कोण खोटं बोललं?"

"मी नाही!" रखवालदार म्हणाला. नगारा पुन्हा धडाडला.

"पहाऱ्यावर झोपला होतास?"

"मुळीच नाही!" नगारा.

"माझ्या तुकडीत कोणी झोपत नाही!" सरदार इतरांना ओरडून सांगू लागला. नगारा. मग दुसरा सरदार आला, तिसरा आला. जो तो आपली बाजू मांडू लागला आणि जो तो नगाऱ्याला बडवल्यासारखं वाजवू लागला. शेवटी डोळे चोळत तमोनाथ आला. "मी जागाच होतो!" तो गरजला, आणि नगारा असा वाजला की त्याचं कातडं वरपासून खालपर्यंत फाटलं. या गोंधळात दोन बायका कुठल्या कुठे गेल्या ते कोणालाच कळलं नाही.

चढणीवर मात्र हाल झाले. महिनाभर पंखांनी वावरलेली राणी चालायला विसरली होती. दहा पावलांवर ती बसे. सगुणा तिला उठवी, धरी, प्रसंगी पाठीवर घेई. एका वळणावर राणीने विचारलं, "महाराज कसे आहेत?"

सगुणेला वाटलं, आता तरी खोटं बोलावं. इथे नगारा नाही. पण तिने सांगितलं. राणी दगडावर बसली आणि हमसून हमसून रडली.

"त्यांना शेवटचा घास देणारा हात माझा होता?"

"रूप तुमचं होतं, सरकार. हात नव्हता."

राणीने डोळे पुसले. "तुझा नवरा अजून जिवंत आहे ना? मग ऊठ."

तेराव्याची दुपार. कड्यावर सगळा गड जमला होता. म्हाळोजीचे हात मागे बांधलेले, पावलं काठावर. वर आकाश मोकळं, खाली हजार हात दरी. तो गर्दीत सगुणेला शोधत होता. तीन दिवस ती फिरकली नव्हती. रुसली असेल, असं त्याला वाटलं, आणि मरणापेक्षा त्याला त्याचंच वाईट वाटत होतं.

"थांबा!"

गर्दी फाटली. सगुणा पुढे, तिच्या खांद्यावर हात टाकून पयोष्णी राणी मागे. लोक एकदा हिच्याकडे बघत, एकदा चौथऱ्यावरच्या राणीकडे. दोन राण्या, केसापासून नखापर्यंत एक.

चौथऱ्यावरची शांतपणे म्हणाली, "अमात्य, राजाला तेरा दिवस झाले. माझे हात उघडे आहेत. हिच्या हातात हिरवी बांगडी आहे. पतीच्या तेराव्याला बांगडी घालून फिरणारी बाई तुमची राणी असेल का?"

लोक कुजबुजले. बोलणं बिनतोड होतं. अमात्य काकुळतीने म्हणाले, "बाईसाहेब, आपण राणी असाल तर ती बांगडी दगडावर वाढवा."

"वाढवणार नाही," पयोष्णी म्हणाली.

गर्दी खवळली. कोणी म्हणालं, दोघींनाही ढकला. कडेलोट करणारा शिपाई पुढे सरकला आणि त्याने म्हाळोजीच्या पाठीवर हात ठेवला.

सगुणेने हात जोडले. "अमात्यसाहेब, मी कासारीण. दोघींचेही हात मला ओळखीचे. एकदा हातात हात घेऊ द्या, मग माझाही कडेलोट करा."

अमात्यांनी मान हलवली. सगुणा चौथरा चढली आणि कालिंजरीसमोर बसली. कालिंजरीला नाही म्हणता येईना. कासारणीला हात न देणारी बाई त्या राज्यात जन्मली नव्हती. तिने हात दिला, पण मूठ दगडासारखी आवळलेली. सगुणेने मनगटाला तेल लावलं. बाहीत हात घालून दंडावरची बांगडी चाचपली, कोपरावरून खाली आणली. लोकांना हिरवी काच दिसली आणि एकच गलका झाला. पण मुठीवरून बांगडी निघेना. ओढावी तर तडकेल.

"जन्मभर धरून बसेन," कालिंजरी दातांतून पुटपुटली.

सगुणेने तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या आवाजात कुठलंच कपट नव्हतं. "बाई, माहेरी कोण असतं तुमच्या? भाऊ आहे ना? लहानपणी खांद्यावर घेऊन हिंडवायचा का हो?"

कालिंजरीने मूठ आणखी आवळली. पण तीही कोणाच्या तरी अंगणात वाढलेली होती. तिची नजर क्षणभर दूर गेली आणि बोटं सैल पडली. सगुणेने अंगठा तळव्यात दाबला, हात दुमडला, आणि बांगडी अखंड बाहेर आली.

राणीचं रूप अंगावरून ओघळलं. उरली ती राखेच्या रंगाची, सावली नसलेली बाई. "एका घासाने राजा पाडला मी!" ती किंचाळली. "कुळाचार पाळणारे मूर्ख तुम्ही! आणि एका काचेच्या तुकड्यासाठी..." पुढचं बोलणं झालंच नाही. जिने दुसरीचं रूप चोरलं तिला स्वतःचंही उरत नाही. तिची टिटवी झाली आणि दरीवरून ओरडत गेली.

सगुणेने दुसरी बांगडी राणीच्या हातात भरली. त्याच क्षणी खाली छावणीत पेटी फुटली, वडावरचे सदतीस पक्षी माणसं झाले. ज्या राजांच्या राण्या ओलीस धरून तमोनाथाने त्यांच्या फौजा वेढ्याला जुंपल्या होत्या, त्या फौजा तिथल्या तिथे उलटल्या. संध्याकाळपर्यंत वेढा उठला. तमोनाथाचं त्या सदतीस जणींनी काय केलं ते मी सांगत नाही, ऐकणाऱ्यांत लहान मुलंही असतील. तळ्याकाठी कावळा पिंडाला शिवला.

राणीने दोन्ही हात वर केले. "लोकहो, पती गेला त्याचं दुःख माझं आहे. पण राज्य जिवंत आहे, आणि मी त्याची आहे. हे पडेल त्या दिवशी या बांगड्या फुटतील. तोवर कोणी विचारू नये." आणि कोणी विचारलं नाही. उलट अमात्यांनी पागोटं काढून मुजरा केला.

म्हाळोजीचे दोर सुटले. तो बायकोकडे बघतच राहिला.

"तू... हेर?"

"बारा वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला सांगितलं होतंत, घास कोणी भरवला ते?"



राणी म्हणाली, "सगुणा, माग. गाव माग, पालखी माग."

सगुणेने फार विचार केला नाही. "सरकार, यांना चाकरीतून मोकळं करा. वीस वर्षं हा माणूस प्रत्येक घास मरणाचा म्हणून खात आलाय. घरी माझ्या हातचं जेवतानासुद्धा मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजतो. मला कळत नाही असं यांना वाटतं."

राणीचे डोळे भरून आले. "मोकळा," ती म्हणाली.

राज्य सावरलं, कोठारं भरली, वाटा मोकळ्या झाल्या. ज्याच्या घरात जे हरवलंय ते त्याला असंच सापडो. त्या दिवशी सगुणेने घरी चूल पेटवली, बाजरीची भाकरी थापली, वर लोण्याचा गोळा ठेवला. म्हाळोजी पाटावर बसला. सवयीने त्याचे ओठ हलले, "एक, दोन..." आणि तिसऱ्याला तो थांबला. मग त्याने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि भूक लागलेल्या माणसासारखा जेवू लागला.